कमरखाचा वरचा घोट

वालेरियानो पोस्तिगोला उचकी लागली तेव्हा रसवाल्या बायकांची अख्खी ओळ हसली. सगळ्यांत आधी हसली ती सातुका.

"काय चोरून खाल्लंसा, कासेरो?" फळी पुसता पुसता ती म्हणाली. "उचकी चोरालाच लागती."

"तुझंच खाल्लंय," वालेरियानो म्हणाला, आणि मध्येच उचकी आल्यामुळं त्या शब्दाचे दोन तुकडे झाले. बाया आणखी हसल्या.

रोजच्या गिऱ्हाइकाला कासेरो म्हणायचं आणि गिऱ्हाइकानं विकणारीला कासेरा. आरेकिपा शहराच्या बाजारात हे नातं एकदा जुळलं की लग्नापेक्षा घट्ट. नवरा पळून गेला तर ओळीतल्या बाया आठवडाभर बोलतात. कासेरो समोरच्या ठेल्यावर जाऊन बसला तर वर्षभर पुरतं. वालेरियानो बस चालवायचा, बायको मेली, बस सुटली, दात पडले, पण सातुकाच्या ठेल्यापुढचं कडेचं स्टूल काही सुटलं नाही. तो म्हणायचा, डोंगरातनं पहिल्यांदा शहरात आलीस ती माझ्याच बसनं, आणि माझ्याच बसमध्ये ओकलीस. सातुकाला ओकलेलं आठवत होतं, ड्रायव्हर आठवत नव्हता.

तिचं पुरतं नाव सातुर्निना चोकेवांका. कोल्का खोऱ्याच्या वरच्या अंगाला तिचं गाव, जिथं सातू आणि बटाटा पिकतो आणि फळ म्हणून निवडुंगाचं बोंड मिळतं. केळं यायचं ते खालच्या गरम मुलखातनं, खेचराच्या पाठीवर, काळं पडून. ते घरात कोणी खायचं नाही, आजाऱ्यासाठी ठेवायचं. लांबून आलंय म्हणजे औषधीच असणार, असा हिशेब. तिच्या आईनं शेवटच्या दुखण्यात अर्धं केळं खाल्लं, आता बरं वाटतंय म्हणाली, आणि दुपारी मेली. फळ औषध असतं या बोलण्यावर सातुकाचा तेव्हापासून भरवसा नव्हता. फळ गोड असावं, सडकं नसावं, एवढंच ती बघायची.

शहरात येऊन ती मावशीच्या ठेल्यावर पेले विसळायला लागली. मावशी गेल्यावर ठेला तिचा झाला. मागं उंच बैठक, पुढं फळांचा ढीग आणि ढिगाच्या वर सातुकाचं तोंड. हाताखाली इथल्याच मातीतली बुटकी, पिवळी, वासाची पपई. त्या पपईचा रस प्यायला लोक नातवंडांना घेऊन यायचे.

मग बोळाच्या पलीकडं नेलिदानं ठेला मांडला. नेलिदा जंगलाच्या मुलखातली, वयानं तिशीची, आवाजानं पन्नाशीची. तिनं फळा लावला, 'जंगलाची ताकद', आणि खाली रोगांची नावं: साखर, सांधे, वजन, अशक्तपणा. ज्या फळांची नावं या बाजारात कोणी ऐकली नव्हती ती तिच्याकडं दिमाखात बसलेली असायची, आणि पोरंपोरी त्यांचे फोटो काढायची.

एकदा एक कॉलेजात शिकणारी पोरगी चुकून सातुकाच्या स्टुलावर बसली.

"पपईत काय असतंय?" तिनं विचारलं. "पपई तर माझी आजीपण खाती."

"मग मेली का आजी?"

"न्हाई. जित्ती हाय की. भांडती रोज."

"मग अजून काय पायजे तुला पपईत?"

पोरगी हसली आणि उठून पलीकडं गेली. बोलण्यात सातुका जिंकायची, पण स्टुलं रिकामी व्हायची. म्हणून त्या दिवशी सकाळी तिनं हट्टाला पेटून घाऊक ट्रकवरनं कमरखांची एक पिशवी घेतली. पाच धारांचं पिवळं फळ, आडवं कापलं की चांदणी पडते. तिनं चांदण्या कापून ठेल्याच्या काठावर ओळीनं मांडल्या. मिक्सरचा पहिला जग घुसळला, एका गिऱ्हाइकानं एक पेला घेतला, बाकी रस जगातच राहिला.

तेवढ्यात वालेरियानो येऊन बसला होता.

त्याच्या दोन्ही किडन्या निम्म्याशिम्म्या गेल्या होत्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, तोंडाला आवर घाला, म्हणजे रक्त धुणाऱ्या मशीनवर जायची वेळ लांबेल. केळं बंद, संत्रं बंद, पपई बंद, टोमॅटो बंद.

"आता तुझं तोंड बघायचं तेवढं चालू हाय," तो म्हणायचा. "त्येबी डाक्टरला अजून सांगितलं न्हाई म्हणून."

तो अर्धा पेला सफरचंदाचा रस घ्यायचा. आणि अर्ध्या पेल्यानं सगळी पंचाईत केली होती. इथं पेला संपला की जगातलं उरलेलं पुन्हा ओतायचं, फुकट. त्याला यापा म्हणतात. यापा मागायचा नसतो आणि नाकारायचा तर मुळीच नसतो. पेल्यावर हात ठेवणं म्हणजे तुझ्या हातचं मला नको, असं चारचौघांत म्हणणं. पण अर्ध्या पेल्याला वरचं किती निघणार? कैक महिने सातुका त्याला चमचा दोन चमचे ओतत होती आणि दरवेळी जग असा उलटा धरायची की जणू जगच चोर आहे.

त्या सकाळी तिचा हात कमरखाच्या जगाकडं गेला.

"ह्येचं नाव घेतलंय का डाक्टरनं?"

"कशाचं?"

"कमरखाचं."

"न्हाई बा. कदी ऐकलंच न्हाई त्याच्या तोंडून."

"मग चालतंय. आंबट पाणी हाय निस्तं. लोकं तर औषध म्हणून पित्यात, तिकडं बगा." तिनं हनुवटीनं नेलिदाकडं दाखवलं आणि पेला काठोकाठ भरला.

वालेरियानोनं घोट घेतला, डोळे मिटले. "आयला, तोंडात खिडकी उघडली." सगळा पेला त्यानं एका दमात संपवला. सातुकानं पुन्हा ओतलं. मग जगच त्याच्या पेल्यावर पालथा केला. इतक्या महिन्यांनी कासेरोला पोटभर यापा दिला, त्या आनंदात तिनं पुढची दोन गिऱ्हाइकं गुणगुणतच उरकली. तो चौकात जुन्या ड्रायव्हरांबरोबर सोंगट्या खेळायला गेला.

आणि दुपारी उचकी घेऊन परत आला.

ओळीतल्या बायांनी आपापले उपाय काढले. एकीनं नाक दाबायला सांगितलं, एकीनं उलट्या बाजूनं पाणी प्यायला लावलं, ते सदऱ्यावर सांडलं. सातुकानं आपल्या घागऱ्याच्या काठाचा लाल दोरा तोडला, जिभेवर ओला केला आणि त्याच्या कपाळावर मधोमध चिकटवला. तान्ह्या पोरांना चिकटवतात तसा.

"आता बाळुतं तेवढं बांध," तो म्हणाला.

उचकी थांबली नाही. एक गेली की दुसरी यायची, आणि प्रत्येक उचकीला म्हाताऱ्याचा सगळा सांगाडा उचलला जायचा. पाण्याचा पेला उचलायला त्यानं हात पुढं केला. बोटं पेल्याभोवती गेली पण मिटली नाहीत. पेला खाली पडून फुटला. त्यानं फुटलेल्या काचेकडं असं पाहिलं की जणू ती दुसऱ्याच कोणाची आहे.

"एल्विरा," तो सातुकाला म्हणाला. "बस सुटायची येळ झाली. डबा कुठाय माझा?"

एल्विरा म्हणजे त्याची बायको. तिला पुरून पाच पावसाळे झाले होते.

आता कोणी हसलं नाही.

"वारं गेलंय अंगावरनं," एक बाई हळूच म्हणाली.

"ऊन लागलंय. संत्र्यांच्या पोत्यांवर आडवं करा मागं. झोप लागली की उतरंल," दुसरी म्हणाली.

सातुकानं त्याला काखेत धरलं. मागं सावली होती, पोती होती, तिलाही तेच बरं वाटलं. ती त्याला दोन पावलं घेऊन गेलीच होती, तोच बोळ ओलांडून नेलिदा पुढं आली. ठेला मांडल्यापासून ती या बाजूला कधी आली नव्हती. तिचे डोळे काठावरच्या चांदण्यांवर होते.

"ह्यांनी त्ये पिलंय?"

"तुला काय करायचंय?"

"पिलंय का न्हाई, तेवढं सांग."

"यापा दिला."

"किडनी कशी हाय ह्यांची?"

सातुकाचा हात तिथंच थांबला. किडनीचं ओळीत कोणाला ठाऊक नव्हतं. वालेरियानोनं ते तिला एकटीला सांगितलं होतं, आणि तेही सहा महिने पपई नाकारून तिला रडवल्यावर.

"तुला कुणी सांगितलं?"

"म्हंजे गेल्यात." नेलिदाचा आवाज खाली आला. "झोपवू नगंस त्यास्नी. आमच्याकडं परसात हाय ह्ये झाड. पोरं खात्यात, डुकरं खात्यात, कुणाला काय हुईत न्हाई. पर किडनीवाल्याला आमी त्या झाडाखाली बसूसुदीक देत न्हाई. माझ्या चुलत्याला आशीच उचकी लागल्ती. समदी हसली. मग चुलता बरळाय लागला, तर त्येला झोपवला. तो उठलाच न्हाई."

तिच्या ठेल्यावर दोन गिऱ्हाइकं कमरखाचेच पेले हातात धरून ऐकत होती. त्यांनी पेले हळूच खाली ठेवले.

"मग तुझ्या त्या फळ्यावर का लिवलं न्हाईस?" सातुका म्हणाली.

"लिवलं असतं तर कोण पिलं असतं?"

नेलिदानंच पुढं म्हटलं, "आन तू इचारलं असतंस तर सांगितलं असतं. कदी त्वांड उघडलंस का माझ्याशी?"

"दवाखान्यात काय करत्यात?"

"रगात धुत्यात मशीननं. लवकर केलं तर."

बाजाराबाहेरचा रस्ता शाळांच्या संचलनानं अडलेला होता. ढोल, झेंडे, पांढरे मोजे घातलेल्या पोरी. टॅक्सी आत येईना. सातुकानं हमालाला हाक मारली, त्याच्या हातगाड्यावरनं बटाट्याची दोन पोती ढकलून दिली आणि तिथं वालेरियानोला बसवलं. निघताना काठावरची एक चांदणी उचलून तिनं पुढच्या खिशात टाकली. का टाकली ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

नेलिदा पुढं पळत होती. "सरका! वाट द्या!" तिचा तो पन्नाशीचा आवाज पहिल्यांदाच सातुकाला गोड लागला. हमाल ढकलत होता, सातुका एका हातानं म्हाताऱ्याचा खांदा धरून शेजारनं पळत होती, दुसऱ्या हातानं फोनवर त्याच्या मुलीला, रोक्सानाला, दवाखान्यात बोलावत होती. गाडा खड्ड्यात आपटला की वालेरियानो दोन्ही हात पुढं करून चाक फिरवल्यासारखं करायचा आणि थांब्यांची नावं पुकारायचा. युरा. चिवाय. उचकी. कोणी उतरायचंय का. उचकी. संचलन बघणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही त्यातलंच सोंग आहे.

"उतरू नगासा, कासेरो," सातुका म्हणत होती. "शेवटचा थांबा न्हाई आला अजून. झोपू नगासा."

दवाखान्याच्या दारात नर्सनं आधी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"प्यालेत का हे?"

"दारूचा थेंब न्हाई."

रांग होती. रांगेतल्या बाकावर एक पोरगा रक्ताळलेला गुडघा धरून बसला होता, तो उठला आणि जागा दिली. रोक्साना आली ती कारखान्याचा डगला अंगावर तसाच घेऊन. बापाच्या कपाळावरचा लाल दोरा तिनं पाहिला, सातुकाकडं पाहिलं. मग एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं म्हाताऱ्याच्या डोळ्यांत उजेड टाकला, हात दाबायला सांगितला. हात दाबला गेला नाही.

"सकाळपासून काय खाल्लं त्यांनी?"

"बिनमिठाची लापशी," रोक्साना म्हणाली. "मीच दिली. नंतर अर्धा पेला सफरचंदाचा रस, रोजचा. बाकी काही नाही. बाबा पथ्य पाळतात, डॉक्टर. एकदासुद्धा मोडलं नाही त्यांनी."

ती हे अभिमानानं म्हणाली. डॉक्टरीण मान डोलावून कागदावर लिहायला लागली. मेंदूत काही झालंय का बघू, म्हणाली. डोक्याचा फोटो काढावा लागेल, पुढं चारजण आहेत.

आणखी चारजण. नेलिदा भिंतीला टेकून सातुकाकडं बघत होती. ती बोलली असती, पण हे बोलणं तिचं नव्हतं. रोक्सानानं मागच्याच महिन्यात ठेल्यावर येऊन हात जोडून सांगितलं होतं, सेन्योरा, त्यांना लाडानं काही देऊ नका, मला आणखी कोणी नाही. सातुका तेव्हा म्हणाली होती, मी काय खुळी हाय?

वालेरियानोला उचकी आली. या वेळी मान एका बाजूला गेली आणि तिथंच राहिली.

सातुकानं खिशात हात घातला. चांदणी काढून तिनं डॉक्टरणीच्या कागदावर ठेवली. तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या, वर खिशातलं सूत चिकटलं होतं.

"ह्ये पिलंय त्यांनी," ती म्हणाली. "माझ्या हातनं."

डॉक्टरणीचा पेन थांबला. ते काय आहे, हे तिला विचारावं लागलं नाही.

"किती?"

"एक पेला."

"आणि यापा?"

डॉक्टरीणही इथलीच होती.

"जग रिकामा हुईस्तोवर," सातुका म्हणाली. "नगं म्हणाले असते तर बरं झालं असतं. पर मला कसं नगं म्हणतील?"

रोक्सानाकडं तिनं पाहिलं नाही. तिचा श्वास तेवढा ऐकला. डॉक्टरीण वळून आत ओरडली, डायलिसिसचं एक मशीन मोकळं करा, कोणाला तरी उठवा, आत्ता. दोघांनी म्हाताऱ्याची खाट पडद्यामागं ढकलली.

बाहेर तिघी उभ्या राहिल्या. पडद्यामागनं उचकी ऐकू येत होती. दुपारभर सातुका ती उचकी बंद व्हावी म्हणून धडपडली होती. आता तिचा जीव त्या उचकीवर टांगला होता. आली, की ती पुढचीची वाट बघायची. दोन उचक्यांमधलं अंतर वाढायला लागलं. आत भांडं पडल्याचा आवाज झाला, कोणीतरी 'धरा, पाय धरा' म्हणालं, खाटेची चाकं खडखडली.

मग उचकी आली नाही.

त्या थांबल्या. आली नाही. नेलिदानं छातीवर क्रूस काढला. रोक्साना पडद्याकडं निघाली आणि मध्येच थबकली, कारण पडद्याशी पोचलं की खरं कळणार होतं. सातुकाला आईचं अर्धं केळं आठवलं. आता बरं वाटतंय.

पडदा बाजूला झाला. खाट नव्हतीच तिथं. मागच्या दारानं ती मशीनकडं नेली होती.

"झटका आला," नर्स म्हणाली. "औषधानं थांबवलाय. आहेत. बसा."

बसल्या. एका बाकावर तिघी, मधे रोक्साना. कोणी कोणाला धीर दिला नाही. उन्हं भिंतीवरनं चढून गेली तेव्हा रोक्साना म्हणाली, "शिव्या द्यायच्यात तुम्हाला. पण आधी ते काय होतंय ते बघू."

"द्या की. मी कुठं जातीया?" सातुका म्हणाली.

दिवे लागायच्या सुमारास डॉक्टरणीनं एकीला आत सोडलं. रोक्साना गेली आणि थोड्या वेळानं दारातनं तोंड बाहेर काढून म्हणाली, "तुम्हाला बोलावतायत."

वालेरियानो उताणा पडला होता. दंडातनं नळ्या मशीनला गेल्या होत्या, ओठ सुकून फाटले होते. कपाळावर लाल दोरा तसाच. तेवढ्या गडबडीत तो कोणी काढला नव्हता.

"ह्ये कुणी चिकटवलंय?" त्यानं विचारलं.

"मी."

"आला म्हणायचा गुण." डोळे मिटून तो म्हणाला. सातुकानं मान वळवली आणि खिडकीबाहेर बराच वेळ काहीतरी बघत राहिली. खिडकीबाहेर भिंत होती.

रोक्सानानं शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी, ठेल्यावर येऊन, ओळीदेखत. त्यात काही राखून ठेवलं नाही. सातुकानं हातातलं फडकं न सोडता सगळ्या ऐकल्या. किडन्यांचं जे व्हायचं ते झालं होतं. मशीन लांबणार होतं ते आताच गळ्यात पडलं. एक दिवसाआड दवाखाना, आणि तो जगेल तितके दिवस तसंच.

नेलिदानं फळ्यावर कमरखाखाली एक ओळ लिहिली. अक्षरं बारीक होती, पण होती. तिचा धंदा थोडा बसला. त्यात भर म्हणून सातुका बोळाच्या अलीकडनं तिच्या स्टुलावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला मोठ्यानं विचारायची, "किडनी धड हाय न्हवं, मामा?" नेलिदा तिच्या आईवरनं शिवी हासडायची. एवढं बोलणं त्यांच्यात सुरू झालं.

मशीनचा दिवस नव्हता तेव्हा एका सकाळी वालेरियानो काठी टेकत आला आणि कडेच्या स्टुलावर बसला. पुढं गळालेला, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा. सातुकानं एक सफरचंद सोललं, घुसळलं, अर्ध्याहून कमी पेला त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो घोट घोट करून संपवला. मग जुन्या सवयीनं पेला पुढं सरकवला.

ओळीतल्या बाया आपापली कामं करता करता थांबल्या.

जगाच्या तळाशी दोन बोटं रस होता. सातुकानं जग उचलला. त्याच्या पेल्यापर्यंत नेला. आणि आपल्याच तोंडाला लावून गटागटा पिऊन टाकला.

वालेरियानो बघत राहिला. "कासेरा, माझा यापा."

"तुमचा यापा मी पिला." तिनं हाताच्या पाठीनं ओठ पुसले. "हितनं म्होरं रोज मीच पिणार."

"आन मग मी कशाला यायचं?"

"त्वांड बघाया," सातुका म्हणाली, आणि जग विसळायला घेतला.